तीनदा ऐकवलेलं गाणं

जालन्यात माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "चालायचा का?" त्याचंही बरोबर आहे. जालना म्हणजे लोखंड आणि बियाणं. तिथं आवाजावर कोण पोट भरणार? पण मी भरलं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत, एका बियाण्याच्या गोदामावर माझ्या दोन खोल्या होत्या. एकीत गाणारे, दुसरीत मी, मध्ये जाड काच. तीस वर्षांत त्या काचेपलीकडे भजनी मंडळं बसली, शाहीर बसले, भाचीच्या लग्नासाठी स्वतःच्या आवाजात मंगलाष्टकं करून घेणारे मामा बसले, आणि दर निवडणुकीला उमेदवारांची गाणी गाणारेही बसले.

काम तसं समजायला सोपं आहे. प्रत्येक वाद्याला आणि गळ्याला वेगळा माइक द्यायचा, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा साठवायचा, आणि मग ते सगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र आणायचे. गायकाला घरी नेऊन ऐकायला म्हणून घाईघाईत जे एकत्र करून देतात त्याला आम्ही कच्चं मिक्स म्हणतो. ते बाहेर जायचं नसतं. ज्याचं गाणं त्याच्याच हातात द्यायचं, हा या धंद्यातला पहिला नियम. मी नवीन पोरांना तो शिकवायचो.

दुसरी एक सवय मला लागली होती, ती मात्र मी कुणाला शिकवली नाही. गाणं संपलं तरी मी माइक चालू ठेवायचो. लोकांना वाटायचं, आता बंद आहे. मी हेडफोन लावून ऐकत बसायचो. याचं कारणही होतं. अंबडकडचे एक गृहस्थ स्वतः चाल लावलेलं भजन घेऊन आले होते, आणि दुसऱ्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की ही चाल आदल्या वर्षी दुसऱ्या मंडळाने याच खोलीत गायली होती. एका निवडणुकीत तर दोन विरोधी उमेदवारांची माणसं एकाच दिवशी आली, एक सकाळी, एक दुपारी. दोघांनाही एकाच लावणीच्या चालीवर गाणं हवं होतं आणि दोघांनीही जाताना मला बजावलं, "बिलकुल बाहेर कळू देऊ नका." मी दोन्ही गाणी केली. तेव्हापासून मला वाटायला लागलं की माणूस गातो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच. ते दुसरं ऐकायचं असेल तर गाणं संपल्यावर ऐकावं. मला माझ्या कानाचा अभिमान होता. आजही आहे, थोडा कमी.

सहा-सात वर्षांपूर्वी एका रविवारी तिघं जिना चढून वर आले. पुढे वैशाली, टेंभुर्णीच्या शेतकऱ्याची मुलगी. जालन्यात एका बियाण्याच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायच्या कामावर होती. गिटार वाजवायची आणि गायची. मागे सोमनाथ, त्याला सगळे सोमा म्हणायचे. घनसावंगीच्या बाजूचा, घरचा ऊस, पण स्वतः एमआयडीसीत सळया काढणाऱ्या मिलमध्ये कामाला. तो ड्रम वाजवायचा. तिसरा केदार, जालन्यातलाच, वडील कचेरीत कारकून, हा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याच्याकडे बास गिटार होती आणि चित्रविचित्र आवाज काढणारी चार-पाच यंत्रं. बँडचं नाव होतं 'आदळआपट'.

"काय वाजवता?" मी विचारलं.

"पंक," वैशाली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजी येत न्हाई म्हणून थांबायचं न्हाई काका. जेवढं येतं तेवढंच, पण जोरात."

"आणि लोकांना नाही आवडलं तर?"

"मंग अजून जोरात," सोमा म्हणाला.

मला ते गाणं म्हणून काही कळलं नाही, हे आधीच कबूल करतो. पण रेकॉर्डिंग म्हणून तसं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांचं एक गाणं होतं 'पाचशे फूट'. चौदा मिनिटांचं. विषय बोअर घेण्याचा. सुरुवातीला मुरूम, तेव्हा ड्रम सैल आणि भराभर. मग कच्चा खडक, तिथं लय मोडायची, पुन्हा जुळायची. मग काळा पाषाण. तिथं सोमा असा काही वाजवायचा की खालच्या गोदामातली माणसं वर बघायला यायची. केदारने खऱ्या बोअरच्या गाडीचा आवाज भरून आणला होता, तो उलटा करून मध्ये मध्ये सोडायचा. चौदा मिनिटांत लय सोळा-सतरा वेळा बदलायची आणि तिघंही एकमेकांकडे न बघता बरोबर एका ठिकाणी वळायची. सगळ्यात शेवटी वैशाली दोनच शब्द बोलायची, "पाणी न्हाई."

टेंभुर्णीला त्यांनी ते एका कार्यक्रमात वाजवलं. मी साउंडला गेलो होतो. निम्मे लोक उठून गेले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मात्र शेवटपर्यंत बसला आणि नंतर सोमाला म्हणाला, "असंच झाल्तं आमच्यात. बराबर असंच." सोमा त्या दिवशी दिवसभर खुशीत होता.

मग दीड-दोन वर्षं ते आले नाहीत. मध्ये कधी मोंढ्यात वैशाली भेटायची, "नवीन करून राह्यलोत काका," एवढंच सांगायची. आणि एक दिवस फोन आला की सात गाणी आहेत, चार दिवसांत करायची आहेत.

मी म्हटलं, "सात गाणी चार दिवसांत? तुमचं एक गाणं तीन दिवस खातं."

"आता न्हाई खात," ती म्हणाली.

आले ते केदारच्या यंत्रांशिवाय. एक बास, एक गिटार, ड्रम. पहिलं गाणं वाजवलं आणि अडीच मिनिटांत थांबले. मला वाटलं, काहीतरी चुकलं म्हणून थांबले. वैशाली काचेतून बघत होती. गाणं संपलं होतं.

एकच लय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न बदलणारी. गिटारचे तीन सूर. आणि शब्द असे की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पाठ व्हावेत:

थांब जरा दम धर
मी येऊन राह्यले
दार नको लावूस बाई
मी येऊन राह्यले

गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्यांनी चौदा मिनिटं कुणाचीही पर्वा केली नाही, ते अचानक असे सरळ का झाले? निवडणूक तोंडावर होती. गावोगाव गाड्या फिरायला लागल्या होत्या. सोपी लय, तीन सूर आणि चटकन तोंडात बसणारी एक ओळ, हे मी कुठं पाहिलं होतं? माझ्याच खोलीत, दर पाच वर्षांनी. 'मी येऊन राह्यले' च्या जागी फक्त 'साहेब येऊन राह्यले' घाला. एक अक्षरसुद्धा हलवावं लागत नाही.

मी वैशालीला विचारलं, "हे असं सोपं करायचं कुणी सुचवलं?"

ती गिटारची तार पिळत म्हणाली, "कुणी न्हाई. आम्हीच."

"पण का?"

तिनं केदारकडे बघितलं. केदार म्हणाला, "काका, जल्दी करू या का? मला नंतर संभाजीनगरला जायचंय."

"कशाला?"

"काम हाय."

त्या चार दिवसांत मी गाणी कमी आणि माणसं जास्त ऐकली. सोमाने पहिल्याच दिवशी त्याचा स्टूल फिरवून घेतला. पूर्वी तो भिंतीकडे तोंड करून वाजवायचा, आता त्याला वैशाली समोर हवी होती. वैशाली गाता गाता त्याला डोळ्यांनी खुणा करायची. मी माझ्या बाजूच्या माइकवरून सोमाला काही विचारलं की उत्तर केदार द्यायचा. "सोमा, तुला मोठ्या ड्रमचा आवाज पुरेसा येतोय का?" "येतोय काका," केदार म्हणायचा. सोमा नुसता मान हलवायचा, तीही केदारकडे बघून. मला वाटलं, पोरानं माझ्याशी बोलू नये असं ठरलेलं दिसतंय. सोमा साधा गडी, त्याच्या तोंडून काही निसटेल ही भीती असणार.

दुसऱ्या दिवशी वैशाली काचेजवळ आली.

"काका, एक सांगू का? गाणं संपलं की माइक बंद करत जा."

माझ्या कानशिलाला चटका बसावा तसं झालं. "का गं?"

"तसंच. आम्हाला मधी बोलायचं असतंय."

"मग बोला की. मी काय परका आहे?"

"परके न्हाई. पण बंद करा."

मी दिवा विझवला. माइक चालू असल्याची खूण म्हणून तिकडे एक लाल दिवा असायचा, तो विझवला. माइक चालूच ठेवला. त्यांनीही काही कमी केलं नाही. तिघं खोलीच्या पार कोपऱ्यात गेले, सोमाच्या डोक्याजवळ डोकी नेली आणि बोलले. मला फक्त पुटपुट ऐकू आली आणि केदारचे दोन शब्द स्पष्ट, "कळलं तर." कळलं तर काय, ते नाही ऐकू आलं.

माझी खात्री झाली. कुणीतरी यांना विकत घेतलं होतं, बोलायची बंदी घातली होती, आणि हे माझ्याच खोलीत, माझ्यापासून लपवून चाललं होतं. खरं सांगायचं तर राग विकले गेल्याचा नव्हता. निवडणुकीची गाणी मीही केली, त्यावर माझं घर चाललं. राग याचा होता की त्यांनी ते मला सांगितलं नाही. 'पाचशे फूट' साठी तीन दिवस मी जेवायला घरी गेलो नव्हतो.

चौथ्या दिवशी ते गेले. मी कच्चं मिक्स करायला बसलो. 'येऊन राह्यले' मध्ये दोन कडव्यांच्या मधे एक रिकामी जागा होती, नुसता ड्रम चालायचा. हात शिवशिवले म्हणून मी तिथं माझ्या कीबोर्डवर चार सुरांची एक लकेर टाकली. ठेवायची नव्हती. एकट्याची गंमत.

दुसऱ्या दिवशी दिगंबर चहाला आला. दिगंबर माझा जुना मित्र, निवडणुकीची गाणी लिहून चाली लावून देणारा. जिल्ह्यात कोण कुणासाठी गाणं करतंय हे त्याला घरबसल्या ठाऊक असायचं. मी त्याला म्हटलं, "एक गाणं ऐकवतो. कुणासाठी केलंय ते सांग."

पहिला नियम मला त्या क्षणी आठवला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला होता.

दिगंबरने ऐकलं. "न्हाई बा. हे कुणाच्याच यादीत न्हाई. परत लाव."

मी परत लावलं.

"पोरगी कोण हाय?"

"टेंभुर्णीची आहे. कुणी यांना धरलंय का, एवढंच सांग."

"अजून एकदा लाव, मंग सांगतो."

तिसऱ्यांदा लावलं. तो बोटांनी टेबलावर ठेका धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला म्हाईत न्हाई." जिना उतरताना तो गुणगुणत होता. मी वरून ऐकलं. काय गुणगुणतोय तेही कळलं. मी त्याला हाक मारली नाही, कारण माझं डोकं त्या तिघांमध्ये अडकलेलं होतं.

बारा-पंधरा दिवसांनी मी भाजी घेत होतो आणि समोरून प्रचाराची गाडी आली. भोंग्यातून एक जाडा पुरुषी आवाज:

थांबा जरा दम धरा
साहेब येऊन राह्यले

मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. मी बरोबर होतो! भर रस्त्यात पिशवी खाली ठेवून मी वैशालीला फोन लावला.

"ऐकतेस का? तुमचं गाणं गाडीवर आलंय. मला आधी सांगितलं असतं तर मी काय अडवणार होतो?"

मग ती म्हणाली, "काका, आम्ही न्हाई दिलेलं कुणाला."

"वैशाली, मी तीस वर्षं हेच ऐकत आलोय."

"मंग ऐका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी वळसा घालून परत आली. मी पिशवी उचलली होती. दोन कडव्यांच्या मधली जागा आली आणि भोंग्यातून चार सुरांची लकेर वाजली. माझी लकेर. जी मी त्यांच्या मागे एकट्याने टाकली होती, जी त्या तिघांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती.

भाजीवाली बाई म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा ना, गाडी जाऊन राह्यली."

मी तिथूनच दिगंबरच्या घरी गेलो. तो पाय पसरून पेपर वाचत होता. त्यानं नाकारलंही नाही.

"अरे चाल काय कुणाच्या बापाची असती का? आन् तूच तर तीनदा ऐकवली. मी का तुझ्या कपाटातून नेली?"

मी भांडलो. गाणं काढून घे म्हणालो. तो म्हणाला, गाड्या सुटल्या, आता साहेबांच्या माणसांना सांग. मी त्या माणसांकडेही गेलो. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, पुढचं गाणं तुमच्याकडे करायचं का?

वैशालीला फोन केला, तिनं उचलला नाही. केदारने उचलला आणि म्हणाला, "काका, माझ्याशी बोलू नका. ते दोघं मीच विकलं असं म्हणून राह्यलेत." तेव्हा मला कळलं की काय झालंय. माझ्याकडची सोडली तर रेकॉर्डिंगची प्रत फक्त केदारच्या लॅपटॉपवर होती, शेवटच्या दिवशी त्याने नेलेली. माझ्यावर कुणाचा संशयच गेला नव्हता. काका असं करणार नाहीत, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग उरला केदार. वैशालीने त्याला विचारलं, तो चिडला, शब्दाने शब्द वाढला आणि त्याने येणं बंद केलं. इतक्या वर्षांचा बँड माझ्या चार सुरांनी मोडत आला होता.

आधी सोमाला सांगावं असं मी ठरवलं. तिघांत तो मऊ. मिलला सुट्टी असेल त्या दिवशी तो गावी असायचा. सकाळी काळी-पिवळी जीप धरली, घनसावंगीच्या अलीकडे उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या मळ्याकडे निघालो. सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवत होतो. हळू आवाजात, जवळ बसून, अर्धं बोलून अर्धं समजून घ्यायला सोडायचं, असं ठरलं होतं.

उसाच्या कडेच्या वाटेवर सोमा पाठमोरा चालला होता. हातात पाइपाचा जोड होता.

"सोमा!" मी हाक मारली.

तो चालत राहिला.

"सोमा, अरे मी आलोय जालन्याहून!"

वीस पावलांचं अंतर. वारा नाही. मी मनात म्हटलं, याला सगळं कळलेलं दिसतंय. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून न ऐकल्याचं सोंग करतोय. म्हणजे तेव्हासुद्धा, चूक माझी असताना, संशय मी त्याच्यावरच घेतला.

तेवढ्यात माझ्या मागून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी उडी मारून बाजूला झालो. त्यानं पुन्हा हॉर्न दिला, लांब, कर्कश. सोमा वाटेच्या मधोमध चालत होता. त्याची मानसुद्धा हलली नाही. ड्रायव्हरला बहुतेक माहीत असावं, त्यानं ट्रॅक्टर सावकाश कडेने काढला. चाक शेजारी दिसलं तेव्हा सोमा दचकला, बाजूला सरला, मागे वळला आणि मी दिसलो. त्याचा सगळा चेहरा हसला.

"काका? तुम्ही कधी आल्ते?"

मी वाटेवरच खाली बसलो. तीस वर्षं मी कान विकले. आणि चार दिवस काचेपलीकडे एक माणूस ऐकू येत नसताना ड्रम वाजवत होता आणि ते मला ऐकू आलं नव्हतं.

त्यानंच सांगितलं. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा निम्मा. मिलमधला आवाज, त्यात ड्रम. डॉक्टरने सांगितलं की आता येणार नाही, उरलेला जपा. केदार त्याला घेऊन संभाजीनगरला जायचा तो तपासणीसाठी. बारीक, तीक्ष्ण आवाज त्याला नुसते टोचायचे, म्हणून केदारने यंत्रं बंद करून ठेवली. लय बदलायची खूण ऐकू येईना, म्हणून लय बदलणं सोडलं. वैशालीने शब्द असे बांधले की तिच्या ओठांवरून दिसावेत. थांब, जरा, दम, धर. ते चार शब्द म्हणजे त्याच्यासाठी मोजलेल्या चार मात्रा होत्या. पाचव्याला तो शिरायचा.

"म्या म्हणलं व्हतं त्यान्ला, दुसरा ड्रमवाला बघा," सोमा म्हणाला. "वैशाली म्हणली, गाणे बदलू, माणूस न्हाई बदलायचा."

"मग मला का नाही सांगितलं रे?"

"मिलमधी कळलं तर काढून टाकतेत. आन् तुम्हाला..." त्यानं हातातला पाइपाचा जोड खाली ठेवला. "तुम्ही कानवाले माणूस. तुमच्यासमोर लाज वाटली."

आता सांगायची पाळी माझी होती. मी जुळवून आणलेली वाक्यं सुरू केली, खाली बघत, हळू. सोमा पुढे वाकला. "वर बघून बोला काका. आन् जोरात."

जी गोष्ट मी पुटपुटणार होतो ती मला तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं सांगावी लागली. गाणं मी बाहेर ऐकवलं. तुमच्यावर संशय घेतला म्हणून ऐकवलं. तीनदा ऐकवलं. त्याला मधलं कळलं नाही म्हणून पुन्हा सांगावं लागलं. बांधावर खुरपणाऱ्या दोन बाया हात थांबवून ऐकत होत्या.

सोमाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजी केदारनी न्हाई दिलं?"

"नाही."

"मंग त्याला फोन लावा. आत्ता लावा."

लावला. केदारने दोनदा कापला, तिसऱ्यांदा घेतला. मी त्यालाही सांगितलं, तितक्याच मोठ्यानं, कारण सोमा माझ्या ओठांकडे बघत होता.

वैशाली दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आली. बसली नाही. सातही गाण्यांचे साठवलेले आवाज तिनं तिच्या डिस्कवर घेतले आणि माझ्याकडचे माझ्याच हातानं पुसायला लावले. मी म्हटलं, "पुन्हा करू, मी काही न घेता करून देतो, लकेर नाही, काही नाही."

"तुमच्या खोलीत न्हाई काका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आम्ही माइक बंद करा म्हणलो तवा तुम्ही केल्ता का बंद?"

मी खरं सांगितलं. ती जिना उतरून गेली.

गाणी त्यांनी टेंभुर्णीत एका शाळेच्या हॉलमध्ये केली, रविवारी, स्वतःची स्वतः. मी ती विकत घेऊन ऐकली. हॉल घुमतो, गिटार थोडी बोथट आहे, मी असतो तर असं होऊ दिलं नसतं. सोमा मात्र घड्याळासारखा वाजलाय. साहेब निवडून आले की पडले, ते इथं सांगत नाही. त्यानं काही फरक पडत नाही. त्यांचं गाणं पडलं ते पडलंच. जिल्ह्यात ज्याला विचाराल त्याला 'साहेब येऊन राह्यले' पाठ होतं.

पुढच्या हिवाळ्यात जालन्यात त्यांचा कार्यक्रम लागला, दुपारी चारचा. मला बोलावणं नव्हतं. तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. कॉलेजची पोरं होती, काही घरची मंडळी. चार-पाच गाणी झाली, टाळ्या पडल्या. मग वैशाली सोमाकडे वळली आणि तिनं सुरू केलं, "थांब जरा दम धर", आणि सोमा शिरला.

सभागृह हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब येऊन राह्यले!" पुन्हा हशा. वैशालीचा आवाज अडकला. दुसरी ओळ आलीच नाही. केदारची बास दोन सूर चुकून थांबली.

ड्रम थांबला नाही. तीच लय, तोच जोर, एक अंशही कमी-जास्त नाही. सोमा समोर बघत वाजवत होता. आठ मात्रा गेल्या, सोळा गेल्या. नुसता ड्रम चालू राहिल्यावर लोक हळूहळू गप्प झाले. केदार शिरला. मग वैशालीने डोळे पुसले, सोमाकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून गायला लागली. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या मुली तिच्याबरोबर होत्या, आणि त्या 'मी' म्हणत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी निघून जाणार होतो. पण स्टेजवर सोमा एकटाच सामान सोडवत होता, म्हणून वर गेलो. समोर उभं राहून, स्पष्ट ओठांनी विचारलं, "लोक हसले तेव्हा तू थांबला का नाहीस?"

"कोण हसलं?" सोमा म्हणाला.

मला ते खरं वाटलं नाही. हसणाऱ्यांची तोंडं त्याच्या समोर होती, आणि वैशालीचा चेहराही. पण तो खाली वाकून मोठ्या ड्रमचे पाय सैल करत होता.

"ती बाजू धरा काका," तो म्हणाला.

मी धरली. ड्रम दोघांनी जिन्यावरून खाली आणला. खाली गाडीपाशी वैशाली उभी होती. तिनं मला बघितलं आणि मागचं दार उघडून धरलं.